रेडिओमामूंचा अर्धा दिवस

रेडिओमामूंची आणि माझी ओळख कानफटात खाऊन झाली. आखातातल्या रुसैलच्या पाइप कारखान्यातला माझा तिसरा दिवस. वर्कशॉपमधल्या रेडिओवर कुणी अरबीत काही सांगत होतं. मला फोन आला म्हणून मी बटण फिरवलं, आणि साठीला टेकलेल्या इलेक्ट्रिशियनने अशी लगावली की माझा चष्मा कॉम्प्रेसरखाली गेला. "मानूस बोलतोय ना? अर्ध्यात त्याचं तोंड दाबतंस?" मी इथला इंजिनियर आहे, हे सांगायची सोयच राहिली नाही. संध्याकाळी त्यांनीच चष्म्याची मोडकी दांडी तारेने बांधून दिली. माफी मात्र मागितली नाही.

मामूंचा हात तोंडाच्या आधी चालायचा. बातम्या मधेच बंद केल्या म्हणून त्यांनी कामगारांच्या कॅम्पच्या स्वयंपाक्याचा दात पाडला होता. एकाचा मोबाइल व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून चिरडला होता. तक्रार कुणी करायचं नाही, कारण मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला की हाच माणूस शिडी घेऊन धावत यायचा. अर्बाब, म्हणजे कारखान्याचा मालकही, कानाडोळा करायचा. जुनी क्रेन मामूंशिवाय कुणाचं ऐकत नव्हती.

हे सगळं आलं होतं त्यांच्या वडिलांकडून. वडील रत्नागिरीकडचे, महायुद्धात गोऱ्या सैनिकांना नेणाऱ्या जहाजावर खलाशी. डेकवरच्या भोंग्यातून दिवसभर विलायतेचा रेडिओ चालायचा. सकाळी कवायत, मग बँड, मग दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या पोरींसाठी गाणी, कुणाच्या आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि दुपारी एक विनोदवाला. तो विनोद सांगत असतानाच टॉर्पेडो लागला. पाण्यावर तेल पेटलं होतं, ओळखीची माणसं त्यात जळत ओरडत होती, आणि कलंडलेल्या जहाजावरून तो विनोदवाला बोलतच होता. मग भोंगाही बुडाला. म्हातारा वाचला, पण तो दिवस त्याच्या डोक्यातून निघाला नाही. "बापानं मना दोरीनं फोडून ह्यो दिवस शिकवलान," मामू सांगायचे. "एक शब्द चुकला का पाठीवर वळ."

दर वर्षी थंडीतल्या एका शुक्रवारी मामू कॅम्पच्या मेसमध्ये माइक आणि भोंगा लावून बसायचे आणि रेडिओवरचा तो अख्खा दिवस स्वतः बोलायचे. कवायतीचं अप-डाउन, तोंडाने वाजवलेला बँड, ताटलीवर झांजा, सगळं. त्यांना स्वतःला इंग्रजीचं एक अक्षरही कळत नसे. "समजायचं काय त्यात? बापाला तरी कुठं समजत होतं!" मला कळायचं. शेवटचा विनोद असा होता : सार्जंट आचाऱ्याला विचारतो, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी? आणि आचारी म्हणतो... इथे मामू मोठा हातोडा उचलून तेलाच्या रिकाम्या पिंपावर घालायचे. नवी माणसं भीतीने जमिनीवर आडवी व्हायची. मामू म्हणायचे, "खलास," आणि मग बिर्याणी वाढली जायची.

सहाव्या वर्षी त्याच शुक्रवारी क्रिकेटची मॅच आली. विनोद सुरू झाला होता, मामूंनी हातोडा हातात घेतला होता, आणि एका फोर्कलिफ्टवाल्याने भोंग्याचा प्लग उपटून टीव्हीचा लावला.

मामूंनी हातोडा त्याच्यावर फिरवला. पहिल्याच घावात त्याचं मनगट मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याचे मित्र पाइप घेऊन धावले. मामूंचं डोकं फुटलं, डावा कान अर्धा लोंबायला लागला, रक्त शर्टात उतरलं, तरी ते हटेनात. दोघांना त्यांनी टेबलावरून फेकलं. फोर्कलिफ्टवाला भिंतीशी पडला होता, आणि हातोडा त्याच्या डोक्यावर उचलला गेला होता. जवळ जायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. मी टीव्हीचा प्लग ओढला, भोंग्याचा लावला आणि माइकमध्ये इंग्रजीत ओरडलो, "आणि आचारी म्हणतो, साहेब, भांडी धुवायला पाणी आहे कुठे? भांडी आम्ही सूपनेच धुतो!"

हातोडा वरच थांबला. घाबरून कुणीतरी खिदळलं. मामूंनी मान वळवली.

"पुढं?"

मी पुढे बोललो. बँड, बातम्या, सैनिकांच्या बायकांचे निरोप, तोंडाला येईल ते. मी गुड नाइट म्हणेपर्यंत मामू हातोडा घेऊन उभे होते. मग त्यांनी तो स्वतःच खाली ठेवला आणि पोलिसांची वाट बघत बसले.

फोर्कलिफ्टवाला वाचला. मामूंचा व्हिसा रद्द झाला, ते मायदेशी निघाले. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा कानाला पट्टी होती. "इंजिनेर, त्या दिवशी बोललास ता खरा होता काय?"

"खरं होतं, मामू."

"शेवटाला लोक हसले?"

"खूप हसले."

त्यांनी डोळे मिटले. "बापाला ऐकायला मिळायला पायजे होता." मी खोटं बोललो होतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. चार महिन्यांनी ते गावी वारल्याचं कळलं. हातोडा आता माझ्या कपाटात आहे.

गेल्या आठवड्यात अल खौदच्या दुकानासमोर गाडी उभी होती. रेडिओवर एक बाई काही सांगत होती. माझ्या बारा वर्षांच्या सईने कंटाळून बटणाकडे हात नेला, रेडिओ बंद केला, आणि माझा हात वर गेला.

ती दाराला चिकटली. "बाबा... तू मला... यू वेअर गोइंग टू हिट मी?"

सहा वर्षं मी मामूंना बघून हसत आलो होतो. वर गेलेला तो हात मी दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीखाली दाबून त्याच्यावर बसलो. घरी पोचेपर्यंत रेडिओ बंदच होता. ती बाई पुढे काय म्हणाली, मला माहीत नाही.