पगारी पडणं

माझी लेक एक दिवस हातपाय मोडून घेणार, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. लहानपणापासून एका जागी टिकेल तर शपथ. आता तर तिला पडण्याचाच पगार मिळतो!

ती मनगटी घड्याळांची शिकवणी घेते. घड्याळाच्या पोटात हालचाल, आवाज, उजेड टिपणारे सेन्सर असतात. त्यावरून घालणारा चालतोय, झोपलाय की कोसळलाय, हे घड्याळाला कळायला हवं. म्हणून भिंगरी दिवसभर गादीवर धपाधप पडते. पुढे, मागे, खुर्चीवरून.

एक घड्याळ तिने माझ्या नणंदेलाही घातलं.

"यासाठी कॉलेजात घातलं होतं का गं तुला?" वन्संनी विचारलं.

"आत्या, तू सोफ्यावर बसलीस की ते मला कळवतं, म्हातारी पडली!"

"मेल्याला म्हातारी कुठे दिसली?" म्हणत वन्सं सोफ्यात आपटल्या. भिंगरीचा फोन पुन्हा ठणाणा वाजला. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

परवा मात्र तिचा चेहरा उतरला होता. "आई, आम्ही सगळे ठरवून पडतो ना, आधीच हात पुढे करतो. खरं पडणं घड्याळाने पाहिलेलंच नाही. चाचणीत नापास झालं तर आमचा गट मोडणार." मग माझ्या मनगटावर तिने फोन न वाजवता नुसती नोंद करणारं एक घड्याळ बांधलं. "पण मुद्दाम पडायचं नाही हं!"

"मी कशाला पडतेय?"

आज मोरी घासताना साबणाच्या पाण्यावरून अशी घसरले की बादली एकीकडे, मी भलतीकडे. हात पुढे करायला सवडच नव्हती! बसायची जागा काळीनिळी झालीय, बाकी ठणठणीत. ओल्या फरशीवर बसल्याबसल्या हसू फुटलं ते थांबेचना. पडले, अगदी अस्सल पडले! घड्याळाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे सगळं टिपलं गेलं.

सांगितलं तर ती ओरडणार, वर मला झाडूलाही हात लावू देणार नाही. न सांगावं तर चाचणी उद्याच, आणि तिला हवं ते माझ्या मनगटावर गप्प बसलंय. जन्मभर मी हिच्या हाडांची काळजी केली, आणि आपटले मीच!

उशीर झालाय, पण ती अजून ऑफिसातच असणार, गादीवर शेवटचं शेवटचं पडत. फोन लावतेच. पहिलं वाक्य ठरलंय: "आधी ओरडून घे, मग घड्याळ न्यायला ये."