दादाच्या तीन वाट्या

आज दादाकडे जाऊन आले. आल्यावर प्रार्थनेला बसले, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

माझा हा थोरला भाऊ शिंपी. गळ्यात टेप आणि तोंडात चेष्टा. घरी चार माणसं जमली की कापायच्या टेबलावरच्या चिंध्या सारून तीन वाट्या उपड्या मांडायचा आणि पाठ फिरवायचा. पाहुण्याने एकीखाली बटण लपवायचं. मग दादा वळून एका वाटीवर बोट ठेवी. बटण कुठे आहे ते पाहिलेली वहिनी उरलेल्या दोहोंतली रिकामी वाटी उचलून बाजूला ठेवी. "आता बोला, वाटी बदलू की हीच ठेवू?" म्हणत दादा भाव खाई आणि हमखास बटण काढून दाखवी.

खरी जादू वहिनीच्या हातात होती. तिने वाटी उताणी ठेवली तर बदलायचं, उपडी ठेवली तर नाही. हे मला तेवढं ठाऊक.

लेकीच्या सासरचे पहिल्यांदा आले तेव्हा वहिनीने वाटी उपडी ठेवली. दादाने बदललं नाही. आत काहीच नाही! पुन्हा केलं, पुन्हा तेच. व्याही हसले, "शिंपीबुवा, माप चुकलं की हो!"

दादा लालबुंद. सगळ्यांदेखत वहिनीवर ओरडला, "लक्ष कुठे असतं तुझं? एवढं एक काम होत नाही?"

"अहो, उताणीच ठेवली ना मी?" वहिनी म्हणाली. वाटी तिच्यासमोर उपडीच होती.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, हिची स्मृती चाललीय. आता लेकीचं नावही तिला आठवत नाही.

"ती कधी चुकली होती का गं?" दादा आज मला म्हणाला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपलं नाक सांभाळत बसलो."

तिला पुन्हा खेळात बसवायचं त्याने मनावर घेतलंय. म्हणाला, "खुणेची गरजच नाही. तिने नुसती रिकामी वाटी उचलायची. मी दर वेळी बदलणार. तीनदा खेळलं तर दोनदा सापडतं."

"असं कसं? उरल्या दोनच, मग निम्मं-निम्मं ना?"

"अगं, पहिलं बोट ठेवतो तेव्हा मी बहुतेक चुकलेलाच असतो. रिकामी ती काढते, मग बटण राहिलेल्या तिसरीखालीच असणार. आणि नाहीच सापडलं तर म्हणेन, माझं चुकलं."

मी बटण लपवलं. दादाने वळून बोट ठेवलं. वहिनी आल्यापासून मला "या कोण?" म्हणून विचारत होती, पण आता तिचा हात बरोबर रिकाम्या वाटीवर गेला. दादाने श्वास रोखला. हात तिथेच थबकला, मग मागे आला. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"नको. तुम्ही ओरडता."

"नाही गं ओरडणार. उचल ना," दादा म्हणाला.

तिने मान हलवली. मी निघाले तरी दादाचं बोट त्याच वाटीवर होतं.

देवा, तिचं एवढं सगळं पुसलंस, मग ते ओरडणंच तेवढं का ठेवलंस?