बाजाराची बोली

“जीभ काढ,” भाऊसाहेब म्हणाले. “अशी नाही. पूर्ण बाहेर काढ.”

मी काढली. तळोद्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत, सगळ्या मास्तरांसमोर. नुकतं मिसरूड फुटलेलं, अंगात धुऊन आणलेला सदरा, आणि जीभ बाहेर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. म्हणाले, “जीभ तर धड आहे. मग अडतं कुठं, मास्तर?”

सगळे हसले. जे माझ्यासारखेच डोंगरातून आले होते, तेही हसले. त्यांना दोष देत नाही. हसलं नसतं तर पुढची जीभ त्यांची होती.

माझा गुन्हा काय? तर मी तक्रार केली होती. पुस्तक पोरांना कळत नाही, एवढंच म्हणालो होतो.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. भाऊसाहेबांच्या संस्थेनं सातपुड्यात शाळा काढल्या. मोलगीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मला मास्तर नेमलं. मी पावरा आदिवासी, जेमतेम सातवी झालेला. आईनं तर मला मास्तरांसारखी टोपी घालून बघितली. भाऊसाहेब मोठे विद्वान. त्यांनी आमच्यासाठी एक पुस्तक केलं होतं. पोरांना मराठी जड जातं, तर त्यांच्याच बोलीतून शिकवा, असा विचार. विचार वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण त्या पुस्तकातली बोली आमच्या कोणाच्याच घरात कोणी बोलत नव्हतं.

झालं असं होतं. भाऊसाहेब बोली गोळा करायला मोलगीच्या आठवडे बाजारात बसले. घोंगडी टाकून, निंबाखाली. येणाऱ्याला विचारत, हे कसं म्हणता, ते कसं म्हणता. आता बाजारात आमचा माणूस बोलतो ते दुकानदाराशी. थोडी अहिराणी, थोडी गुजराती, थोडी हिंदी, मधेच आमचा एखादा शब्द. मीठ घ्यायला लागेल तेवढी बोली. घाबरत, हसत, हात जोडत बोलायची. पाड्याच्या वाटेला लागलो की ती तिथंच टाकून द्यायची. आणि त्या गृहस्थांनी नेमकी तीच उचलली. तीच आमची मातृभाषा म्हणून छापली.

पहिल्याच धड्यात आई मुलीला जेवायला बोलावते. मी मोठ्यानं वाचलं आणि पोरं फिस्सकन हसली. पाड्यावरच्या वेस्तादादाची पोर जमनी म्हणाली, “गुरुजी, ही आई दुकानात का बसलीय?”

मी पण हसलो. मग हसणं थांबलं. पोरं धडे पाठ करायची, कळायचं काही नाही. ना घरचं वाचता येई, ना मराठी. बापांनी मला पोरं दिली होती ती एका बोलीवर. जंगलखात्याचा माणूस कागद घेऊन येतो, अंगठा मागतो, त्यात काय लिहिलंय ते वाचणारं आपलं एक तरी माणूस पाहिजे. तेवढ्यासाठी लोकांनी शेळ्यांमागची पोरं सोडली होती. पोरं वाचेनात, तर ती परत शेळ्यांमागे. शाळा बंद. हे सरळ होतं.

म्हणून मी दर महिन्याच्या बैठकीला उठून सांगायचो. भाऊसाहेबांकडं उत्तरं तयार असायची.

“पुस्तक नीट वाचलंस का?”

“ते मुद्दाम तसं ठेवलंय.”

“बाकी कोणाची तक्रार नाही.”

“एवढं येतं तर तू लिही ना दुसरं.”

आणि शेवटी, चहा हलवत, “मी हे फुकट करतोय, मास्तर. कोणासाठी करतोय?” तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चहा तेच पाजत होते.

शहाद्याकडचा एक मास्तर माझ्या शेजारी बसायचा, अहिराणी बोलणारा, चांगला माणूस. त्या दिवशी, जिभेच्या दिवशी, बाहेर आल्यावर तो म्हणाला, “कसाले डोकं फोडी ऱ्हायना भाऊ? तो ऐकाव नई. आपला पगार ले नि गप ऱ्हाय.” खरं होतं त्याचं. पालथ्या घड्यावर पाणी. मी घाट चढून परत आलो. थकलो होतो, पायांनी नाही.

पाड्यावर पोचलो तर वेस्तादादा दारात. म्हणाला, जमनीला उद्यापासून पाठवत नाही. मी विचारलं, का? तर चिडला. म्हणाला, माझी बायको पोरीशी दुकानदाराशी बोलल्यासारखी बोलते का? कोण म्हणतो असं? दाखव मला तो माणूस.

मला वाटलं, बरोबर आहे. माझं ऐकत नाहीत, मी त्यांचा नोकर. बापाचं तर ऐकतील. म्हटलं, चल दादा, पुढच्या बैठकीला तूच सांग.

तो आला. नवं धोतर नेसून, कानात बाळ्या, खांद्यावर तीरकमठा. तो मी खोलीबाहेर ठेवायला लावला. आत आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, “भाऊसाहेब, हे पालक आहेत. यांना पुस्तकाबद्दल सांगायचंय. ते पावरीत बोलतील, मी मराठीत सांगतो.”

“तू कशाला मधे?” भाऊसाहेब म्हणाले. “पुस्तक त्यांच्याच भाषेत आहे. त्यांनी त्याच भाषेत सांगावं. मला समजते.”

वेस्तादादानं माझ्याकडं पाहिलं. मग भाऊसाहेबांकडं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस लहान झाला. खांदे पडले. मान वाकली. हात आपोआप जोडले गेले. बाजारच्या बोलीत दुसरं काही करताच येत नाही ना. ती बोली हात जोडूनच शिकलेली.

“सेठ… साहेब,” तो म्हणाला. “पुस्तक चांगला नाय. पोरी वाचत नाय. माफ कर साहेब.”

आणि ओशाळून हसला.

भाऊसाहेब उठून उभे राहिले. टाळी वाजवली! “ऐकलंत? ऐकलंत का सगळ्यांनी? शब्द न् शब्द पुस्तकातला! कसा छान बोलतोय! आणि म्हणे, ही यांची भाषा नाही!”

तक्रार काय होती, ती कोणी ऐकलीच नाही. तक्रारच त्यांच्या पुस्तकाची साक्ष झाली. मास्तरांनीही टाळ्या वाजवल्या. वेस्तादादा हसत उभा. त्याला वाटलं, काम झालं.

माझी चेष्टा झाली तेव्हा मी सोसली. पण ज्या माणसानं अस्वलाला अंगावर घेतलं होतं, त्याला मी तिथं आणून वाकवलं होतं, आणि वर त्याच्या वाकण्याचं कौतुक चाललं होतं. राग आला. साधा राग नाही, थकल्यावर येतो तो. त्याला आवाज नसतो.

मी वेस्तादादाजवळ गेलो. त्याचे जोडलेले हात धरून खाली घेतले. पावरीत म्हणालो, दादा, घरी बोलतोस तसं बोल. माझ्या दारात येऊन बोललास तसं.

त्यानं श्वास घेतला. मग बोलला. काय बोलला! ताठ उभा राहून, छातीतून. बायकोबद्दल, पोरीबद्दल, कागदाबद्दल, अंगठ्याबद्दल. मधे दोन सणसणीत शिव्या. डोंगरातले मास्तर खाली बघायला लागले, कारण त्यांना सगळं कळत होतं.

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. “काय म्हणतोय हा? सांग.”

“नाही सांगत,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“तुम्हाला समजते म्हणालात ना? समजली नसेल तर शिका. मग आम्हाला शिकवायला या.”

पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. नोकरी गेली, तिथल्या तिथं. शहाद्याचा मास्तर उठेल, निदान एक तरी उठेल, असं मला वाटलं होतं. कोणी उठलं नाही.

पाड्यावर मी शाळा चालू ठेवली, वेस्तादादाच्या ओट्यावर. घरच्या बोलीत समजावायचं, पाटीवर सरळ मराठी. पगाराऐवजी लोकांनी मका दिला, कधी नाहीच दिला. दोन पोरं वाचायला लागली. जमनी त्यात नव्हती, तिचं तोवर लग्न लावून दिलं होतं. तिचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते भरून येणार नाही.

आता म्हातारा झालो. अजून येतात लोक, नवं पुस्तक घेऊन, हसतमुख. तुमच्यासाठी केलंय म्हणतात, काही अडचण असली तर सांगा म्हणतात. मी बसायला खाट सरकवत नाही. उभ्यानंच सांगतो: आधी एक पावसाळा इथं काढा. आमच्या बाया पोरांना कशा रागावतात ते ऐका. ते जमणार नसेल तर गाडी वळवा. अडचण मी सांगणार नाही. सांगायची ती सांगून झाली, आणि आता कोणाच्याही बोलीत मी ती हात जोडून मांडणार नाही.