मलम बदलायची वेळ

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी काका त्याच्या डब्यावर उलटा तळवा ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "थोडी कणकण आहे."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका लहानशा रक्तपेढीत मी कारकून होते. आमचा एकुलता एक कॉम्प्युटर बघायला ते महिन्यातून एकदा येत. मूळचे मंडणगडकडचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग हे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. तुमच्याही कचेरीत असा कोणी येत असेल. आला कधी, गेला कधी, कळत नाही.

काका विलक्षण भित्रे. रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजकडे पाठ करून बसत. कोणी सुई हातात घेतली की ते व्हरांड्यात. मी हसले की म्हणत, "घाबरायचं गो बाय, पण वेळेवर."

त्या वर्षी मार्चपासून त्यांनी एकच धोशा लावला होता. कॉम्प्युटरचा मेंदू असतो तो प्रोसेसर, आणि त्याच्यावर पंख्याचा ठोकळा. त्या दोघांमध्ये एक राखाडी पेस्ट असते, तिला ते मलम म्हणायचे. "ह्या मलमातनं उष्णता वर जाते. दोन-तीन वर्षांनी ते सुकतं. पंखा काढला तर बदलायचंच. आणि मशीन आपोआप बंद पडायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही."

"चालतंय ना काका? मग पुढच्या खेपेला बघू," मी म्हणाले. एकदा नाही, दोनदा. एप्रिलमध्ये कॉम्प्युटर एकदा आपोआप बंदही पडला होता. मी ते त्यांना सांगितलंच नाही.

मे महिन्यातली दुपार. पालीकडचा एक तरुण शेतकरी काउंटरवर आला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. बायको बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं. आमच्याकडची शेवटची पिशवी आदल्या दिवशीच गेली होती. रक्तदात्यांची नावं आणि फोन नंबर कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर आल्यापासून वही लिहायचं मी सोडून दिलं होतं.

मी बटण दाबलं. विंडोज उघडलं, यादी उघडायला लागली आणि पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर यादीपर्यंतही पोचला नाही. तो तरुण ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या बोटांकडे बघत होता. काका ज्या दुकानात बसत तिथे फोन लावला. "काका, लवकर या," एवढंच बोलता आलं.

ते रिक्षाने आले. डबा उघडला. पंख्यात तांबड्या मातीचा थर, आणि मलम वाळून चुन्यासारखं झालेलं. ठोकळा प्रोसेसरला घट्ट चिकटला होता. काकांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"ओढला तर प्रोसेसरचे खालचे बारीक पाय वाकतील," ते पुटपुटले. "मग संपलंच."

"मग?"

"गरम आहे तोवर फिरवून बघतो."

त्यांनी ठोकळा केसभर डावीकडे फिरवला, केसभर उजवीकडे. मला बघवेना. मी तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. स्तोत्र असेल, नाहीतर नुसतंच 'नको, नको'. मग बारीकसा आवाज झाला आणि ठोकळा सुटला. पाय सरळ होते.

"स्पिरिट दे. कापूस."

ते तरी आमच्याकडे भरपूर होतं. त्यांनी जुनं मलम पुसून काढलं, नळीतून मुगाच्या दाण्याएवढं नवं ठेवलं, पंखा बसवला आणि बटण मला दाबायला लावलं.

यादी उघडली. प्रिंटरवर माझा भरवसा नव्हता. काका नंबर वाचत गेले, मी कागदावर उतरवत गेले. पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसरा माणूस मुंबईला गेलेला. तिसऱ्या शिक्षिका होत्या. "आलेच," म्हणाल्या आणि वीस मिनिटांत आल्या.

त्यांचं रक्त तपासून पिशवी रवाना झाली, तेव्हा काका रक्तदात्यांच्या खुर्चीत बसले होते, पांढरेफटक. सिस्टरनी त्यांनाही कॉफी-बिस्किटं दिली. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, "मुलगी होती मला. चार वर्षांची. अंग गरम लागत होतं. पाऊस होता, गाडी नव्हती. मी म्हटलं, उद्या नेऊ."

एप्रिलमधली गोष्ट मी तेव्हा त्यांना सांगितली. ते रागावले नाहीत. बिस्किटाची बशी फक्त माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. बाई वाचली होती. बाळही ठीक होतं.

दोन वर्षांनी काका मुलाकडे डोंबिवलीला राहायला निघाले. जाण्याआधी मुद्दाम आले आणि मलम बदलायचं काम माझ्याकडून करून घेतलं. सगळं सांगितलं, आणि मी ठोकळ्याला हात घातल्यावर खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "मला बघवत नाही. झालं की सांग."

"झालं, काका."

"नक्की गो?"

यादी पडद्यावर आल्यावरच ते वळले. पुढच्याच पावसाळ्यात ते वारल्याचं, ते बसायचे त्या दुकानाच्या मालकाकडून कळलं.

त्यानंतर मलम बदलायची वेळ आली तेव्हा मे महिन्यात मी एकटीनेच डबा उघडला. ठोकळा चिकटला होता. केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे फिरवत तो सोडवला, नवं मलम लावलं, पंखा बसवला. "झालं," मी मोठ्याने म्हणाले आणि वर पाहिलं. खिडकीपाशी नुसतं ऊन पडलं होतं.