दामयांगवालीचा घास

ओकबुन दामयांगहून लग्न होऊन या गावात आली, ती कायमची दामयांगवाली झाली. गेली चाळीस वर्षं गावात कुणाची साठी असो की लग्न, जापचे नावाच्या शेवया कालवायला बोलावणं तिलाच. पालक, गाजर, कांदा, मशरूम, एकेक भाजी वेगळी परतायची, मग रताळ्याच्या पिठाच्या चकचकीत शेवयांत सगळं हातानंच कालवायचं. कालवून झालं की एक चिमूट शेजारणीच्या तोंडात भरवायची, "बघ गं, जमलंय का?" तो घास झाल्याशिवाय पातेलं हलायचं नाही. हिच्या हाताला चव आहे, असं गाव म्हणे.

पण यंदाच्या हिवाळ्यातल्या तापानं तिच्या जिभेची चव पार नेली. गोड-खारट काही कळेना. कुणाला बोलली मात्र नाही.

आज शेजारच्या जोमसुनच्या नवऱ्याची सत्तरी. गावच्या सभागृहात बायकांची लगबग चाललेली. ओकबुननं सोया सॉस घातला, कालवलं, चाखलं. पाणचटच लागलं. तिनं पुन्हा धार धरली.

जोमसुनची सून बोरा मदतीला होती. तिनं हसत तोंड उघडलं, "काकू, माझा घास?"

"कुक्कुलं बाळ आहेस का? ताटं भर आधी!"

घास दिला असता, तर पोरीनं तोंड वाकडं केलं असतं. तेच नको होतं.

पंगत बसली. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं एक घास घेतला आणि पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. जापचेची ताटं तशीच राहिली. जोमसुननं चाखून पाहिलं आणि सुनेवर कडाडली, "सोया तू ओतलास ना गं? दामयांगवहिनीच्या हातून असं उभ्या जन्मात व्हायचं नाही!"

बोरानं एकदा ओकबुनकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "चुकलं, आई."

ओकबुनची कानशिलं शरमेनं तापली. गप्प राहिली असती तर नाव शाबूत होतं. पोर मुकाट्यानं आपली चूक पदराखाली झाकू पाहत होती आणि आपण ती झाकू देत होतो. या वयात!

"तिला बोलू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "मीच ओतला. दोनदा. तापापासून जीभ गेलीय माझी."

मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "अगं, आधी सांगायचंस, विहिरीपाशीच पंगत मांडली असती!" बायका खदखदल्या. ओकबुनला हसू आलं नाही.

शेवया पुन्हा उकडल्या, भाज्या पुन्हा परतल्या. ओकबुननं कालवलं, चिमूट उचलली आणि वर न बघताच बोराच्या तोंडाशी नेली.

बोरा सावकाश चावत राहिली. "थोडा सोया हवाय, काकू."

ओकबुननं बाटली तिच्याकडे सरकवली. "घाल. तूच घाल."