आमच्या चाळीचा एकच पत्ता

आमचे शेठ आधी कापडाचे लूम चालवायचे, आता इंटरनेट विकतात. माल बदलला, डोकं तेच राहिलं. त्यांचं नेटवर्क मी सांभाळतो, म्हणजे पगारी शिव्या खातो. काटकसर म्हणून त्यांनी आमच्या कामतघर भागातल्या प्रत्येक चाळीला नेटवरचा एकच पत्ता दिला होता. आमची अख्खी चाळ बाहेरच्या जगाला एकच घर दिसायची.

त्या दुपारी चाळीतल्या कुणा शूरवीराने ऑनलाइन खेळात कुणाला तरी हरवलं, असं मागाहून कळलं. हरलेल्याने सूड म्हणून आमच्या पत्त्यावर खोट्या ट्रॅफिकचा पूर सोडला. हल्ली असा पूर भाड्याने मिळतो, मर्दुमकीची केवढी सोय! शेठची लाइन तुंबली आणि कामतघरचं नेट बसलं. नेमका त्यानंतर तासाभरात माझ्या बायकोचा शाळेच्या नोकरीसाठी व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. मुलगी झाल्यावर सुटलेली नोकरी परत मिळावी म्हणून बिचारी आरशासमोर बोलून तयारी करत होती.

शेठनी लूमवाला उपाय काढला. "सब स्विच गिराओ, फिर एक-एक लाइन चालू करो." पाणी बाहेरून येतंय आणि हे घरातले नळ बंद करतायत! सगळं बंद करून चालू केलं, पूर जसाच्या तसा.

मग आम्हाला लाइन देणाऱ्या मोठ्या कंपनीने शहाणपणाचा सल्ला दिला: ज्या पत्त्यावर मारा होतोय तोच बंद करा, बाकीचे सुटतील. म्हणजे मार खाणाऱ्यालाच घराबाहेर काढायचं. भाड्याचा पूर तेवढ्यात ओसरेल या आशेने मी म्हटलं, "शेठ, आधा घंटा रुको. घर में इंटरव्यू है."

"एक इंटरव्यू के लिए सबको बंद रखूँ?" म्हणत शेठनी स्वतः त्या कंपनीला फोन करून आमच्या चाळीचा पत्ता बंद करायला देऊन टाकला. चाळीला द्यायला दुसरा शिल्लक नव्हताच.

मी बायकोला फोन केला. आमच्या खोलीत मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज येते, व्हिडिओ चालत नाही, म्हणून ती गच्चीवर गेली आणि मोबाइलवरून इंटरव्ह्यूला जोडली गेली. गच्चीला लागूनच लूमची शेड, अखंड खडखडणारी. मी घरी पोचलो तेव्हा ती जिना उतरत होती, ठेवणीतल्या साडीत.

"अहो, त्यांना लूमच ऐकू आले. नंतर कळवतो म्हणाले."

तेवढ्यात शेठचा फोन. ते नेहमीसारखे ओरडूनच बोलले, "देखा? सबका चालू हो गया!"

तिने ते ऐकलं आणि मला विचारलं, "सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"