तात्यांपासून लपवलेला मास्क

मी घोरतो हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, हे मात्र बायकोनं हेरलं. बारामतीच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क, डोक्याला पट्टे, मास्कपासून निघालेली लांब नळी आणि दुसऱ्या टोकाला डब्याएवढं यंत्र. ते झोपेत हवा आत ढकलत राहतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, ते मी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या दुकानातून आणतो. दुकानदाराला वाटतं, ह्याची बॅटरी फार पाणी पिते.

हे सगळं मी एकाच माणसापासून लपवलं होतं, ते म्हणजे तात्या, माझे वडील. ते इंदापूरकडं गावी राहतात. माझी आई शेवटचे चार दिवस हॉस्पिटलात अशाच मास्कखाली होती. तेव्हापासून तात्यांच्या लेखी मास्क लावलेला माणूस घरी परत येत नाही. या वयात त्यांच्या जिवाला घोर कशाला? म्हणून गावी गेलो की मी संध्याकाळीच परत फिरायचो. "ऱ्हा की रं एक दिस," ते म्हणायचे. मी लोणी देवकरच्या फॅक्टरीतली ड्यूटी पुढं करायचो. त्या थापांची मला अजून लाज वाटते.

मग श्रीलंकेची सहल निघाली. आमच्या भागातली बौद्ध मंडळी, वीस-बावीस जण. अनुराधपूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी बघायचा, ही तात्यांची एकच इच्छा. त्यांना एकटं कसं पाठवणार? आणि खोली अर्थातच दोघांत एक. विमानतळावर तपासणीत मला मशीन पिशवीतून बाहेर काढायला लावलं.

"काय हाय रं त्ये?" तात्यांनी मागून विचारलं.

"फॅक्टरीचं काम हाय, तात्या." घ्या, आणखी एक थाप.

पहिल्या दोन रात्री मी मास्क न लावता काढल्या. डोळा लागला की दचकून उठायचो. तिसऱ्या दिवशी डोकं मणाचं झालं होतं. त्यात तिथला उकाडा, आपल्या मे महिन्यासारखा कोरडा नव्हे, अंगाला चिकटणारा. सकाळी सगळ्यांनी पांढरे कपडे घालून बोधिवृक्षाचं दर्शन घेतलं. तात्या झाडाकडं बघून लहान पोरासारखे रडले. जेवणानंतर मंडळी पुन्हा झाडाखाली बसायला निघाली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी जरा पडतो. खोलीचं दार लोटलं, मास्क चढवला आणि मेल्यासारखा झोपलो.

जाग आली ती पाठाच्या आवाजानं. डोळे उघडतो तर काय, अख्खी सहल माझ्या खाटेभोवती! सगळे पांढऱ्या कपड्यांत, परित्राण पाठ म्हणताहेत. आमच्याकडं कुणी आजारी असलं की उशाशी पाण्याचं भांडं ठेवून हा पाठ म्हणतात आणि पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरवतात. इथं भांडं म्हणजे खोलीतला स्टीलचा जग होता, आणि दोऱ्याचं टोक माझ्या नळीला बांधलेलं. तात्या चष्मा विसरला म्हणून परत आले होते. मला तसं बघितलं आणि त्यांनी धावत जाऊन सगळ्यांना गोळा केलं. मशीनला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

मी मास्क काढून उठून बसलो तशा एक मावशी किंचाळल्या.

"अहो, मी ठणठणीत हाय!" मी ओरडलो. मग सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. कुणी पाठीत धपका घातला. "आमच्या मालकास्नी बी लागंल ह्ये," त्याच मावशी म्हणाल्या. हळूहळू मंडळी पांगली.

हसले नाहीत ते फक्त तात्या. खाटेच्या कडेला बसून ते मास्क उलटापालटा करून बघत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"लाव मला," ते म्हणाले.

"तुमाला कशाला, तात्या?"

"लाव म्हन्तो न्हवं!"

मी पट्टे सैल केले, त्यांच्या नाकावर मास्क बसवला आणि मशीन चालू केलं. त्यांनी डोळे मिटले. पाच-सहा श्वास घेतले. मग स्वतःच मास्क काढला.

"हवा येती की रं आत."

"येती की."

त्यांनी मास्क मांडीवर ठेवला. "तुझी आई सारखी वढून काढायची. डाक्टर म्हनला, काढू दिऊ नगा. मी तिचं दोनी हात धरून बसलो हुतो, पार शेवटपतुर. इतकी वर्सं मला वाटायचं, मीच गुदमरवली तिला." त्यांनी माझं मनगट धरलं. "पर हवा येती. तिला तरास न्हाय झाला. व्हय ना रं?"

पहिले पंधरा दिवस जीव गुदमरतो म्हणून मी स्वतः तो मास्क झोपेत ओरबाडून फेकत होतो.

"न्हाय झाला, तात्या," मी म्हणालो. "अजिबात न्हाय."